रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता कोणाकडे जायचं?

‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका.’ ओपीडीतून बाहेर पडताना हे वाक्य कानावर पडलं की माणसाला खरं तर आनंद व्हायला हवा. बहुतेकांचा चेहरा मात्र उतरतो. पाठ ठणकायची थांबलेली नसते, पोट रोज सकाळी तसंच ढवळत असतं, छातीतली धडधड रात्री अडीचला उठवतच असते. मग नॉर्मल आहे ते काय? घरी येऊन ‘डॉक्टर म्हणाले काही नाही’ एवढं सांगायचा अवकाश, घरातलं प्रत्येक जण निकाल देऊन मोकळं होतं: मनाचे खेळ आहेत सगळे. त्यानंतर कोणी तीच फाईल बगलेत मारून तिसऱ्या डॉक्टरकडे जातं. कोणाला एखादी मैत्रीण सुचवते, ‘अगं, मन आणि शरीर दोन्हींवर काम करणारे थेरपिस्ट असतात, त्यांच्यापैकी कोणी बघ ना.’ हे प्रकरण त्या ‘बघ ना’बद्दल आहे.

माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. ‘माइंड-बॉडी थेरपिस्ट’ अशी मान्यताप्राप्त पदवी आपल्याकडे नाही. ती पाटी कोणालाही लावता येते, आणि लावली जातेही. शोधायचा आहे तो साध्या, नोंदणीकृत पदवीचा माणूस, ज्याने दुखणाऱ्या शरीरांबरोबर काम केलेलं आहे. अशी माणसं आपल्याकडे आहेत. अडचण इतकीच की त्यांच्या पाटीवर तसं लिहिलेलं नसतं, ते विचारून काढावं लागतं.

आधी फाईल पुरी करा

थेरपिस्टकडे जाण्याआधी शरीराची तपासणी पुरी झालेली हवी, आणि ती पुरी झाली असं एखाद्या डॉक्टरने स्पष्ट म्हटलेलं हवं. पाठदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला असेल, पायातली ताकद कमी होत चालली असेल, काही कारण नसताना वजन उतरत असेल, ताप येत असेल किंवा पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असेल, तर हे प्रकरण इथेच मिटा आणि हॉस्पिटल गाठा. छातीतल्या कळांचंही तेच. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने ‘ॲसिडिटी असेल, टेन्शन असेल’ म्हणत ईसीजी टाळणं हा निव्वळ जुगार आहे.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर या चाचण्या स्वस्त आहेत, त्या करून घ्याव्यात. बी-१२ विशेष सांगण्यासारखं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. तिच्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, मन उदास राहतं, विसरायला होतं. ही सगळी लक्षणं घेऊन समुपदेशकाकडे सहा महिने फेऱ्या मारायच्या आणि मग इंजेक्शनांच्या एका कोर्सने निम्मा प्रश्न सुटायचा, असं घडू नये. चांगला थेरपिस्ट पहिल्या भेटीत हे विचारतोच. ‘शेवटची रक्ततपासणी कधी केलीत?’ हा प्रश्न ज्याला सुचत नाही, त्याच्या ‘शरीरावर काम करतो’ या दाव्याबद्दल मला शंका येते.

पण तपासणीला शेवटही असायला हवा. पाठीचा एमआरआय काढला की त्यात काही ना काही निघतंच. ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आला’, ‘नस दबली’ हे शब्द एकदा कानात बसले की माणूस वाकायला घाबरतो. २०१५ मध्ये अमेरिकेत एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्यांची चित्रं त्यात एकत्र तपासली होती. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, चाळिशीतल्या ६८ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के. चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. पुन्हा सांगावंसं वाटतं, यांतल्या कोणाचीही पाठ दुखत नव्हती. तेव्हा रिपोर्टमधलं इंग्रजी वाचून घाबरण्याआधी डॉक्टरला एक प्रश्न विचारा: ‘या चित्रात दिसतंय त्यामुळेच माझं दुखतंय, असं तुम्हाला खात्रीने वाटतं का?’ प्रामाणिक ऑर्थोपेडिक बरेचदा ‘नाही, खात्री नाही’ म्हणेल. ते उत्तर फाईलमधल्या दहा कागदांपेक्षा मोलाचं.

याचा अर्थ दुखणं खोटं, असा मुळीच नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेचा संदेश पाठीच्या कण्यातच कमी-जास्त केला जातो आणि त्यात मेंदूचाही हात असतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात आणि मग एरवी न दुखणारा स्पर्शही दुखू लागतो. सोसायटीतल्या एखाद्या गाडीचा सायरन इतका हळवा असतो की बॉनेटवरून मांजर गेलं तरी वाजत सुटतो. चोर नसतो, पण आवाज खराच असतो आणि झोपही खरीच मोडते. भीती, अपुरी झोप, घरातला ताण, ‘आता कायमचं अपंगत्व येणार’ ही धास्ती, यांनी तो सायरन आणखी हळवा होतो. ‘मन-शरीर संबंध’ या भारदस्त शब्दामागचा निदान एक तरी भाग इतका साधा, मज्जातंतूंचा आहे.

पाटीवरच्या अक्षरांचा अर्थ

आता माणसं. सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, हा एमबीबीएस होऊन पुढे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. औषध लिहिण्याचा अधिकार त्याला असतो आणि त्याची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, चाचण्या आणि मानसोपचार करतो. या मंडळींची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे लागते. १९९२ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. आजवर बहुतेकांनी एमए नंतर दोन वर्षांचं एम.फिल. करून ही नोंदणी मिळवली आहे. नोंदणीला ‘सीआरआर नंबर’ म्हणतात, आणि तो आरसीआयच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. विचारायला संकोचू नका. ज्याच्याकडे नंबर आहे तो सांगतो. ज्याच्याकडे नाही तो साधारणपणे आपल्या अनुभवाची वर्षं सांगू लागतो.

‘काउन्सेलर’ या शब्दाचं प्रकरण ढिलं आहे. सायकॉलॉजीत एमए करून, चांगल्या वरिष्ठांच्या हाताखाली दहा-पंधरा वर्षं काम केलेले उत्तम समुपदेशक ही पाटी लावतात, आणि दोन शनिवार-रविवारांची ऑनलाइन कार्यशाळा केलेलेही लावतात. २०२१ मध्ये संसदेने आरोग्यक्षेत्रातल्या सहयोगी व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या यादीत समुपदेशकही आले. तरी आज पाटी बघून फरक कळत नाही. म्हणून पदवी कुठली, कुठून घेतली आणि आता सुपरव्हिजन कोणाकडे घेता, हे विचारायचं. सुपरव्हिजन म्हणजे आपल्या केसेस नाव न सांगता एखाद्या ज्येष्ठ थेरपिस्टसमोर मांडून चर्चा करणं. हा प्रश्न ऐकून चांगला थेरपिस्ट खूश होतो. इतका नेमका प्रश्न त्याला क्वचितच कोणी विचारतं.

या यादीत फिजिओथेरपिस्टही येतो. पाठ, मान, खांदे यांच्या जुनाट दुखण्यात, हालचालीची भीती घालवणारा समंजस फिजिओ आणि साधा सायकॉलॉजिस्ट यांची जोडी मला कुठल्याही एकट्या ‘सोमॅटिक हीलर’पेक्षा जास्त भरवशाची वाटते. फिजिओंची नोंदही महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे होते. मात्र ‘वाकू नका, उचलू नका, जन्मभर पट्टा लावा’ एवढंच सांगणारा फिजिओ या कामाचा नाही.

रेकी, एनर्जी हीलिंग, पूर्वजन्माची रिग्रेशन थेरपी हे पर्याय मी इथे विचारातच घेत नाही. कोणाला त्यातून बरं वाटत असेल तर वाटो. पण उपचार म्हणून पैसे मोजताना त्यामागे पुरावा काय, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तिथे उत्तर मिळत नाही.

कोणत्या दुखण्याला कोणतं काम

थेरपीची नावं आता दिवसेंदिवस वाढत चालली आहेत. प्रत्येकाचं सविस्तर वर्णन करत बसलो तर हे प्रकरण संपायचं नाही, म्हणून ज्यांना काही आधार आहे तेवढीच घेऊ.

जुनाट पाठदुखीबाबत डॉ. जॉन सार्नो हे नाव इंटरनेटवर हटकून भेटतं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रस्क पुनर्वसन संस्थेत ते काम करत. १९९१ च्या ‘हीलिंग बॅक पेन’ या त्यांच्या पुस्तकाचे भक्त आजही जगभर आहेत. दडपलेला राग स्नायूंचा रक्तपुरवठा कमी करतो आणि त्यातून दुखतं, असं त्यांचं म्हणणं. ही यंत्रणा सिद्ध झालेली नाही, आणि सार्नोंनी स्वतः नियंत्रित चाचण्यांच्या फंदात पडणं टाळलं, हा त्यांच्यावरचा रास्त आक्षेप आहे. पण ‘तुमची पाठ मोडलेली नाही, हालचाल करा, घाबरू नका’ हा त्यांचा गाभ्याचा सल्ला पुढच्या संशोधनात टिकला. कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या गटाने ‘पेन रिप्रोसेसिंग थेरपी’ची १५१ जणांवर चाचणी घेतली, निष्कर्ष २०२२ मध्ये ‘जामा सायकियाट्री’च्या अंकात आले. यांतल्या लोकांची पाठ सरासरी दहा वर्षं दुखत होती. चार आठवड्यांत आठ सत्रं, त्याआधी डॉक्टरबरोबर एक बैठक. शेवटी थेरपी घेतलेल्यांपैकी ६६ टक्क्यांचं दुखणं गेलं किंवा जवळजवळ गेलं. खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण २० टक्के आणि नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के होतं. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण चाचणी एकाच ठिकाणची होती, दुखणं सौम्य ते मध्यम होतं आणि भाग घेणारे बरेचसे सुशिक्षित होते, हेही लक्षात ठेवा.

ही थेरपी रीतसर शिकलेला माणूस आपल्या शहरात मिळेलच असं नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. सिएटलमध्ये ३४२ पाठदुखीच्या रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जॉन कॅबट-झिन यांचा आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कार्यक्रम आणि साधी सीबीटी, म्हणजे विचार-वर्तन उपचार, दोन्ही जवळपास सारखेच उपयोगी ठरले. सहा महिन्यांनी सुमारे साठ टक्के लोकांच्या रोजच्या हालचालींत ठळक सुधारणा होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४४ टक्के. सीबीटी येणारे सायकॉलॉजिस्ट पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक सगळीकडे आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात व्यायाम, सीबीटी आणि स्वीकार-बांधिलकी थेरपी यांची शिफारस आहे. आपल्या घराघरांत चालणाऱ्या पॅरासिटामॉल आणि ब्रूफेनजातीच्या गोळ्या यासाठी सुरू करू नका, असं तिने म्हटलंय.

छातीत धडधड आणि ‘आता मरतो’ अशी भीती, म्हणजे पॅनिक, इथे शरीरावरचं काम फारच उघड आहे. चार वेळा ईसीजी काढून झालेल्या माणसाला थेरपिस्ट खोलीतच एक मिनिट भरभर श्वास घ्यायला लावतो, खुर्चीत गोल फिरवतो, नाहीतर जिन्यावरून दोन मजले धावून यायला सांगतो. छाती धडधडू लागते, डोकं गरगरतं, हात बधिर होतात. हुबेहूब तीच लक्षणं. मग दोघं बसून ती आपोआप उतरताना पाहतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या आठवड्यात लोकलच्या गर्दीत. याला कोणी ‘सोमॅटिक’ म्हणत नाही, हे सीबीटीच्या पाठ्यपुस्तकातलं जुनं तंत्र आहे. पण शरीराला शरीराच्याच भाषेत समजावणं यापेक्षा वेगळं काय असतं?

पोटाचं म्हणाल तर, इरिटेबल बॉवेलसाठी संमोहनाचा पुरावा बराच जुना आहे. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या ३० रुग्णांचा अभ्यास छापला आणि नंतर पोटावर केंद्रित संमोहनाची एक शाखाच उभी राहिली. संमोहन म्हटलं की आपल्याला शाळेच्या गॅदरिंगमधला जादूगार आठवतो. इथे तसलं काही नसतं. तरी संमोहनाच्या पाट्यांवर आपल्याकडे इतकी भोंदूगिरी चालते की आधी मानसोपचाराची पदवी बघा आणि मगच संमोहन.

हातपाय लुळे पडणं, फिटसारखे झटके येणं, आवाज बसणं आणि तपासण्यांत मेंदूला इजा नाही, या फंक्शनल विकारांकडे आपल्याकडे अजून ‘नाटक’ म्हणून पाहिलं जातं. त्याबाबत एक खूण फार बोलकी आहे. चार्ल्स हूवर या अमेरिकन डॉक्टरने ती १९०८ मध्ये नोंदवली. रुग्ण उताणा झोपलेला. लुळ्या पायाची टाच गादीवर दाब म्हटलं तर दाबता येत नाही. मग डॉक्टर टाचेखाली हात ठेवतो आणि म्हणतो, आता चांगला पाय वर उचला. चांगला पाय उचलताच लुळ्या पायाची टाच खाली जोरात दाबली जाते, आपोआप. म्हणजे वायरिंग शाबूत आहे, लक्ष तिकडे वळलं की मात्र आज्ञा अडखळते. पूर्वी ही खूण रुग्णाला ‘पकडण्यासाठी’ वापरत. एडिनबराचे न्यूरॉलॉजिस्ट जॉन स्टोन आणि त्यांचे सहकारी ती रुग्णालाच दाखवा म्हणतात: बघा, पाय करू शकतोय, तो बरा होऊ शकतो. एकच खूण, पण डॉक्टरची नजर बदलली की तीच उपचाराची पहिली पायरी होते. असं दाखवणारा न्यूरॉलॉजिस्ट भेटला तर त्याला सोडू नका. पुढच्या थेरपिस्टचं नावही त्यालाच विचारा.

अपघात, अत्याचार, हिंसा यांच्या आठवणी शरीरात ठाण मांडून बसलेल्या असतील तर प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातानंतरच्या तणावविकारासाठी आघातकेंद्री सीबीटी आणि ईएमडीआर या दोन उपचारांची शिफारस केली. ईएमडीआर ही डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी पद्धत फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणली. भारतात तिचं प्रशिक्षण घेतलेले सायकॉलॉजिस्ट आहेत. पीटर लेव्हिन यांची ‘सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग’ सध्या चलतीत आहे, तिचं शिक्षण तीनेक वर्षांचं असतं, पण तिच्यामागचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. ते करणारा माणूस मुळात नोंदणीकृत सायकॉलॉजिस्ट असेल तर हरकत नाही. नुसतं तेवढंच प्रमाणपत्र असेल तर थांबा. आणि रील्समधून जो ‘व्हेगस नस रीसेट’ करून देतो त्याच्याबद्दल काय बोलावं! दीर्घ श्वासाने जीव शांत होतो हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. त्यासाठी पाच हजारांचा कोर्स लागत नाही.

योग आणि विपश्यना हे विषय महाराष्ट्रात टाळता येत नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. चांगल्या शिक्षकाकडचा योग पाठदुखीला आणि झोपेला मदत करतो. पण योगशिक्षक म्हणजे थेरपिस्ट नव्हे. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर तर थेरपीला पर्याय समजून करूच नये. हे शिबिर वैद्यकीय उपचारांना वा मानसोपचाराला पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये, असं खुद्द शिबिरवालेच सांगतात. आपले नातेवाईक मात्र ‘दहा दिवस जाऊन ये, सगळं मोकळं होईल’ म्हणत पॅनिकने हैराण झालेल्या पोराला तिकडे पाठवतात.

फोन आणि पहिल्या भेटी

नाव कुठून मिळवायचं? सगळ्यात चांगलं, ज्या डॉक्टरने तपासलं त्याच्याकडून. केईएम, सायन, नायर, जे.जे., ससून यांसारख्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत आणि तिथे शरीराची दुखणी घेऊन येणारे रुग्ण नित्याचे असतात. रांग लांब, केसपेपर स्वस्त. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांची ओपीडी तुमच्या-आमच्यासाठीही खुली असते. नाव ऐकून दचकायचं कारण नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली आयपीएच ही संस्था मराठीतून काम करते. लहान गावात कोणीच नसेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत, मराठीतही.

नंबर मिळाला की फोनवर पाच मिनिटं मागा. समजा डोंबिवलीतली एक शाळामास्तरीण आहे, तीन वर्षं मान आणि डोकं दुखतंय. तिने एवढंच बोलावं: ‘डॉक्टर, माझं डोकं तीन वर्षं दुखतंय. न्यूरॉलॉजिस्टनी तपासलंय, एमआरआय झालाय, धोका नाही म्हणाले. अशा दुखण्याचे पेशंट तुम्ही बघता का? त्यांच्याबरोबर नेमकं काय करता?’ या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सगळं असतं. ‘दुखण्याची डायरी ठेवायला सांगते, कशाने वाढतं ते बघतो, स्नायू सैल करण्याचा सराव देते, टाळलेली कामं हळूहळू सुरू करायला लावते, तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलायला परवानगी मागेन’ असं कोणी म्हणालं तर अपॉइंटमेंट घ्या. ‘तुमच्या आत अडकलेली निगेटिव्ह एनर्जी मी रिलीज करून देईन’ असं म्हणालं तर धन्यवाद म्हणा आणि फोन ठेवा. ‘तीन सत्रांत शंभर टक्के रिझल्ट’ ऐकलं तर धन्यवादही म्हणू नका.

पहिल्या भेटीत थेरपिस्ट काय करतो ते बघा. दुखणं कधी सुरू झालं, त्या सुमारास घरात, कामावर काय चाललं होतं, हे तो विचारेल; पण लगेच ‘म्हणजे सासूबाईंमुळेच डोकं दुखतं तुमचं’ असा निकाल देणार नाही. कारण शोधायची घाई हा या क्षेत्रातला मोठा रोग आहे. प्रत्येक दुखण्यामागे बालपणीचा आघात असतोच असं नाही. कधी व्हायरल तापानंतर थकवा रेंगाळतो, कधी एका जुन्या मुरगळीनंतर मज्जातंतू हळवे राहतात. त्यामागे कथा असलीच तर ती सावकाश उलगडते. शिवाय चालू गोळ्या परस्पर बंद करायला कोणी सांगितलं, मग ती बीपीची असो, थायरॉइडची असो की झोपेची, तर तो थेरपिस्ट तिथेच बाद.

स्पर्शाबद्दल मी स्पष्ट बोलतो. सीबीटी, ईएमडीआर, माइंडफुलनेस यांत थेरपिस्टला तुमच्या अंगाला हात लावायची गरज नसते. काही शरीरकेंद्री पद्धतींत खांद्यावर वा पाठीवर हात ठेवतात. तसं असेल तर आधी सांगून, कारण देऊन, परवानगी घेऊन, आणि नको म्हटलं तर लगेच थांबून. ‘तुमचा प्रतिकार हीच तुमची समस्या आहे’ हे वाक्य स्पर्श नाकारल्यावर ऐकू आलं तर ती थेरपी नव्हे. फिजिओकडे स्पर्श हा कामाचाच भाग आहे, तिथेही सोबत कोणी असावं असं वाटलं तर मागायचं.

भाषेचा मुद्दा लोक उगाच हलका समजतात. ‘जीव घाबरा होतो’, ‘अंग गळून जातं’, ‘डोक्यात कुणीतरी घण घालतंय’ हे इंग्रजीत सांगताना माणूस दुखण्याचा अर्धा भाग गाळून टाकतो. ऑनलाइन सत्रांमुळे लातूरच्या माणसाला पुण्याची मराठी बोलणारी थेरपिस्ट मिळू शकते, ही मोठी सोय झाली. न्यू जर्सीतल्या मराठी मुलीला मात्र एक अडचण आहे: अमेरिकेत परवाना राज्याराज्याचा असतो, आणि पेशंट ज्या राज्यात बसलेला आहे तिथला परवाना थेरपिस्टकडे सहसा लागतो. पुण्याच्या मावशीची ओळख तिथे चालत नाही.

पैशांचं बोलायलाच हवं. मुंबई-पुण्यात खासगी सत्राला हजाराच्या पुढेच मोजावे लागतात, आणि आठवड्याला एक धरलं तर महिन्याचं गणित बिघडतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यायला सांगितलं आहे. तरी बहुतेक पॉलिस्या ओपीडीचा खर्च देत नाहीत, त्यामुळे थेरपीचे पैसे खिशातूनच जातात. थेरपिस्टला मोकळेपणाने विचारा: फी कमी करता येईल का, पंधरा दिवसांतून एकदा आलं तर चालेल का, मधल्या दिवसांसाठी घरचा सराव काय देणार? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खोलीतला तास छान गेला आणि घरी करायला काहीच दिलं नाही, तर शरीराच्या दुखण्यात फार फरक पडत नाही.

मोजमाप दुखण्याच्या आकड्याने करू नका. ‘आज दहापैकी सात की सहा’ हे रोज तपासत बसलं की लक्ष दुखण्यावरच खिळतं. किती चाललात, किती वेळ बसून काम केलंत, लग्नाला गेलात का, रात्री किती झोपलात, हे लिहा. सहा ते आठ सत्रांनंतर ते पान थेरपिस्टसमोर ठेवा. काही हललं असेल तर चालू ठेवा. काहीच हललं नसेल तर तसं तोंडावर सांगा आणि पद्धत बदला किंवा माणूस बदला; यात कोणाचा अपमान नाही, चांगल्या थेरपिस्टला तर असं सांगणारा पेशंट आवडतो. आपल्या उपचाराची कागदपत्रं मागण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्याने तुम्हाला दिलेला आहे, तेव्हा दुसरीकडे जाताना फाईल बरोबर घेऊन जा, म्हणजे नव्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.